तिसरा ठोका

जोथम : गाडीवरच्या या पुतळ्यानं अंगठा कुठं ठेवलाय बघा. नळीच्या बाजूला. असा अंगठा मी ठेवला असता ना, साहेब, तर तोफ भरणाऱ्या आपल्या ओबेडचे दोन्ही हात पहिल्याच बारात गेले असते.

प्रेंटिस : शिल्पकार बोस्टनचा आहे. त्याने तोफ पाहिलेली नाही.

जोथम : आणि माणूस पाहिलाय? मिशी बघा याची. इस्त्रीचा शर्ट बघा. आम्ही सगळे हगवणीनं पिवळे पडलो होतो, विजारीला बटणं राहिली नव्हती, आणि हा दगडी राजपुत्र तोफेपाशी उभा राहून लग्नाचा फोटो काढून घेतोय.

प्रेंटिस : स्मारकावर हगवण कोरत नाहीत, जोथम.

जोथम : तेच म्हणतो मी. जे कोरत नाहीत, तेच सगळं खरं झालं होतं.

प्रेंटिस : तू सकाळपासून असाच करवादतो आहेस. स्टेशनवर उतरलास तेव्हापासून.

जोथम : का नाही करवादणार? स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर एक माणूस बंदुकीच्या गोळ्या विकतोय. ‘खऱ्या रणांगणावरच्या.’ हातात घेतली तर अजून गरम, सकाळीच ओतलेली. पुढं हॉटेलवाला त्या खालच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून विकतोय, संधिवातावर रामबाण म्हणे. त्या झऱ्यात आपले घोडे पडले होते, साहेब. पोटं फुगून पडले होते. आणि एक जाडी बाई माझ्यासमोर घटाघटा प्याली आणि म्हणाली, चव जरा लोखंडासारखी आहे. मला ओकारी आली.

प्रेंटिस : लोक श्रद्धेने येतात.

जोथम : श्रद्धेनं. त्या तिकडं ओहायोवाल्यांच्या तोफेवर एक अख्खं कुटुंब चढून बसलंय. आजी नळीवर घोड्यासारखी पाय टाकून बसलीय आणि हातात लोणच्याची काकडी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पाहिले होते, पण लोणच्यासकट खाणारे आज पाहिले.

प्रेंटिस : झालं? आता माझं ऐक. स्मारक संघाचा माणूस जेवून इकडे येईल. गाडीवाले बैल सोडून बसले आहेत, दगड गाडीवर आहे, खड्डा खणून तयार आहे. उद्या सकाळी आपल्या कॅप्टन लॅथ्रॉपांच्या पत्नी येणार, बँड येणार. फक्त तुझा ठोका राहिला आहे. ही घे हातोडी. ती खुंटी. एक ठोका मारायचा आणि ‘इथे’ म्हणायचं. इतकंच.

जोथम : इतकंच?

प्रेंटिस : नियम तुला ठाऊक आहे. तोफांना हात लावलेली तीन माणसं हवीत. एकेक ठोका, शपथेवर एकेक ‘इथे’, की दगडाची जागा पक्की. मी मारला, ओबेडने काल मारला. तिसरा तू.

जोथम : ओबेडचं सोडा हो. त्याला केकचा तुकडा दाखवला असता तर त्यानं बेकरीच्या दारातसुद्धा ठोका मारला असता. तुमचं बोला. तुम्ही या खुंटीवर हातोडी मारलीत आणि ‘इथे’ म्हणालात? तुमच्या तोंडानं?

प्रेंटिस : म्हणालो.

जोथम : इथं आपण कॉफी केली होती, साहेब.

प्रेंटिस : जोथम.

जोथम : या दगडी कुंपणाच्या आडोशाला. लढाई संपल्यावर, संध्याकाळी. कुंपणावरच्या लाकडी फळ्या काढून चूल पेटवली, आणि तुम्ही म्हणालात, माझ्यात साखर जास्त घाल. तोफा इथं आणल्या त्या घोड्यांना जुंपलेल्याच, एक बार इथून निघाला नाही. आणि दगडावर काय कोरलंय? वाचा ना. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

प्रेंटिस : तुला दिसतं.

जोथम : ‘शत्रूच्या तोंडासमोर ही तुकडी इथे उभी राहिली आणि हलली नाही.’ कॉफीला उकळी येईपर्यंत नाही हलली, हे खरं आहे.

प्रेंटिस : थोडंसं पुढे सरकवलं आहे, एवढंच. इथून दोन्ही रस्ते दिसतात. गाड्या थांबायला जागा आहे. वर त्या खडकापाशी काटेरी झुडपं, चढ, कोण जाणार तिथे? लॅथ्रॉपबाईंचे गुडघे दुखतात.

जोथम : साहेब, तुम्ही तोफ वीतभर वाकडी लागली तर आम्हाला हातभर शिव्या द्यायचात. तुम्ही. चाकाखालची माती बुटाच्या टाचेनं कुरतडून सारखी करायचात. एकदा रात्रीच्या कूचनंतर आम्ही मेल्यासारखे पडलो होतो, तेव्हा मला उठवून तोफगाड्याचं मागचं शेपूट चार बोटं सरकवायला लावलंत. आणि आज अख्खी तुकडीच्या तुकडी टेकडीवरून खाली उचलून आणलीत, लॅथ्रॉपबाईंच्या गुडघ्यांसाठी?

प्रेंटिस : आवाज कमी कर. कुणीतरी येत आहे.

जोथम : येऊ दे. मला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी असाच बोलतो. सरकारी खर्चानं झालेला बहिरा आहे मी.

थर्झा : माफ करा. पेनसिल्व्हेनियाच्या पायदळाचा दगड हाच का? वर तो, जिरॅनियमचा डबा ठेवलाय तो?

प्रेंटिस : तोच, बाई. डबा तुम्हीच ठेवलात का?

थर्झा : हो. आगगाडीत सांडला थोडा. मी थर्झा बार्टल. माझा भाऊ एनॉक त्या पलटणीत होता. तो तिथंच गेला.

प्रेंटिस : मी विलार्ड प्रेंटिस. तोफखान्यात लेफ्टनंट होतो. हा जोथम पेल, माझ्याच तुकडीतला. आपल्या भावासारख्या वीरांमुळेच, बाई, आज हा देश...

थर्झा : तोफखाना? मग तुम्हालाच विचारायचं होतं. मी त्या दगडापाशी उभी राहिले. दगडावर बाण कोरलाय, त्यांची तोंडं कुठं होती ते दाखवणारा. मी तसंच तोंड केलं. समोर ती दरी, पलीकडं दक्षिणेच्या बंडखोरांची टेकडी. बरोबर?

प्रेंटिस : बरोबर.

थर्झा : आणि तुमचा दगड कुठं बसणार?

प्रेंटिस : हा काय. या इथे, कुंपणापाशी.

थर्झा : म्हणजे एनॉकच्या डाव्या हाताला. जरा पुढंच.

प्रेंटिस : हो. खांद्याला खांदा लावून म्हणा ना.

थर्झा : मग त्याच्या मागं काय होतं?

प्रेंटिस : मागे?

थर्झा : त्याच्या पाठीमागं. त्या वरच्या खडकाच्या बाजूला. कोण होतं तिथं?

प्रेंटिस : तसं... विशेष कुणी नाही. झाडी होती.

थर्झा : बरं.

जोथम : बाई, बसा. तोंड पांढरं पडलंय तुमचं. या बैलगाडीच्या दांडीवर बसा.

थर्झा : नको. मला एवढंच बघायचं होतं. संध्याकाळची गाडी आहे मला.

जोथम : का बघायचं होतं?

थर्झा : माझी आई अंथरुणाला खिळलीय. आता फार दिवस नाहीत. ती म्हणाली, तू जा, आणि त्याच्या मागं काय होतं एवढंच बघून ये. बाकी कुठला दगड बघू नकोस.

जोथम : तसं का म्हणाली?

थर्झा : एनॉकला पाठीत लागलं होतं. त्याला पेटीतून घरी आणलं. बापानं स्वतःच्या हातानं धुतला त्याला, दार लावून. बाहेर आला आणि म्हणाला, पाठीवरचा घाव आपल्या घरातला नाही. कुंपणापलीकडं पुरला, दगड नाही, काही नाही. मी तेव्हा शाळेत होते. बाकावर माझ्या शेजारी कुणी बसेना.

प्रेंटिस : लढाईत माणूस वळतो, बाई. शंभर कारणं असतात. त्यात लाज वाटण्यासारखं...

थर्झा : आमच्या गावात आहे. चर्चसमोर मोठा दगड उभा केलाय, गावच्या सगळ्या गेलेल्यांची नावं आहेत त्याच्यावर. मिलरचा पोरगा छावणीत गोवरानं गेला, त्याचं आहे. एनॉकचं नाही. बाप मरेपर्यंत त्या दगडासमोरून गेला नाही, लांबच्या रस्त्यानं चर्चला यायचा. आई मात्र दर रविवारी तिथं थांबायची, आणि अक्षरं अशी बोटानं चाचपत बसायची, जणू कुठंतरी फटीत राहून गेलं असेल.

जोथम : आणि आईला काय वाटतं?

थर्झा : आई म्हणते, तो पळणारा नव्हता. त्याच्या मागं काहीतरी होतं. इतकी वर्षं ती हेच म्हणतेय, आणि आम्ही सगळे तिला हो हो म्हणतो. आता मी बघितलं. मागं झाडी होती. म्हणजे बाप बरोबर होता.

जोथम : साहेब.

प्रेंटिस : जोथम, गप्प बस.

जोथम : इतकी वर्षं गप्पच बसलोय. बाई, त्यांच्या मागं झाडी नव्हती. त्यांच्या मागं आम्ही होतो.

थर्झा : काय?

जोथम : तो खडक दिसतोय ना वर? तिथं तोफा होत्या आमच्या. तुमचा भाऊ आणि त्याची पलटण उतारावर पालथी पडलेली, तोंड बंडखोरांकडं, आणि आम्ही त्यांच्या डोक्यांवरून मारा करत होतो. आणि आमच्याकडं आलेल्या वाती, तोफगोळ्याच्या वाती हो, ज्या जळत जळत जातात आणि पलीकडं जाऊन गोळा फोडतात, त्या सडक्या होत्या. कुणीतरी कारखान्यात भिजवलेल्या. गोळा तोंडातून निघाला की फुटायचा. दरी ओलांडायचा नाही. खालीच फुटायचा.

थर्झा : खाली म्हणजे त्यांच्यावर.

जोथम : त्यांच्या पाठींवर.

प्रेंटिस : सगळे नाही. काही गोळे.

जोथम : काही गोळे. तुमचा भाऊ काही गोळ्यांनीच मेला मग.

थर्झा : हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?

जोथम : मी तोफेच्या काण्यावर अंगठा धरून उभा होतो, बाई. चामड्याची टोपी घालायची अंगठ्याला आणि भोक दाबून ठेवायचं, तोफ भरेपर्यंत. तिथून पुढं सगळं दिसतं. त्यांनी टोप्या हलवल्या. झेंडा उलटा करून हलवला. मी साहेबांना म्हटलं, आपण आपल्याच माणसांना मारतोय. साहेबांनी कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन म्हणाला, चालू द्या.

प्रेंटिस : समोरून बंडखोरांची रांग चढत होती. मारा थांबवला असता तर ती पलटण संगिनीखाली संपली असती. तू हेही सांग. सगळं सांगायचं तर सगळं सांग.

जोथम : सांगतो की. तेही खरं आहे, बाई. थांबलो असतो तर कदाचित सगळेच गेले असते. मी म्हणत नाही थांबायला हवं होतं. मला काय कळतंय. मी फक्त म्हणतो, होतो तिथं होतो म्हणा. ही जी तोफ उचलून कॉफीच्या चुलीवर आणून ठेवायची आणि मग तिच्यापुढं टोप्या काढायच्या, याची मला शिसारी येते.

थर्झा : म्हणून दगड इथं.

जोथम : म्हणून दगड इथं. वर बसवला तर आंधळ्यालासुद्धा कळेल. खाली पायदळाचा दगड, त्याच्यावर बाण, आणि बाणाच्या बुडाशी सरळ रेषेत आमचा दगड. कुणीतरी विचारेलच, काय हो, हे यांच्या पाठीत मारत होते का? पायदळवाल्यांनी त्यांचा दगड आधी बसवला, जागच्या जागी बसवला. तेव्हापासून आमच्या मंडळींना झाडाखाली गाड्या थांबवायची फार काळजी लागलीय.

प्रेंटिस : बाई, मी तुमची क्षमा मागतो. अंतःकरणापासून मागतो. तुमच्या आईंना मी स्वतः लिहीन. तोफखान्याच्या वतीने लिहीन.

थर्झा : आईला लिहून काय उपयोग? तिला आधीच माहीत आहे. गावाला माहीत नाही.

जोथम : मी येतो गावाला. तुमच्या चर्चमध्ये उभा राहून सांगतो.

थर्झा : तुम्ही चांगले आहात. पण मागंही एकजण आला होता, एनॉकच्या पलटणीतला, तो असंच काहीसं सांगत होता. आमच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी, डीकननी, त्याला जेवायला घातलं आणि मला म्हणाले, पोरी, दयाळू माणसं असं सांगतातच. सांगणारे पुष्कळ. मी म्हटलं, मग काय आणू? तर म्हणाले, तिथं आता शपथेवर दगड बसवतायत. दगड खोटं बोलत नाहीत. दगडांचा फोटो आण, मी स्वतः टाकी घेऊन नाव कोरीन.

जोथम : दगड खोटं बोलत नाहीत. ऐकलंत, साहेब?

प्रेंटिस : ऐकलं.

जोथम : डीकनला म्हणावं, इथं येऊन बघ. आमचे दगड पाद्र्यापेक्षा सफाईनं बोलतात.

प्रेंटिस : तुला सोपं आहे, जोथम. तुला मुलं नाहीत. माझा मोठा मुलगा उद्या बँडमध्ये वाजवणार आहे. त्याला लहानपणापासून मी सांगत आलो की त्याचा बाप पुढच्या रांगेत उभा होता. लॅथ्रॉपबाई अजून नवऱ्याचा कोट ब्रश करतात. त्या माणसाला जाऊनही किती वर्षं झाली. आणि मी उद्या त्या सगळ्यांना काटेरी झुडपांतून वर नेऊ आणि म्हणू, बघा, इथून आम्ही आपल्या पोरांवर...

जोथम : असं म्हणायला कोण सांगतंय? दगड तेवढा ठेवा. म्हणू नका काही. बँड वाजवा, केक खा, मी टाळ्या वाजवीन. चुकीच्या अंगठ्याचा तो राजपुत्रसुद्धा मला चालेल.

प्रेंटिस : आणि कुणी विचारलं तर?

जोथम : खाली बघा आणि जीभ चावा. मी इतकी वर्षं तेच केलंय. जमतं.

थर्झा : मला ती जागा दाखवाल? दगड राहू दे. मला फक्त बघू दे.

जोथम : चला. जाता जाता ही खुंटीही उपटून घेतो, कॉफीची चूल आहे ती, तिला खुंटीची काय गरज. हातोडी तुमच्याकडंच असू द्या, साहेब, मला दम लागतो. चला तुम्हीही. एवढा चढ एकट्या बाईला बहिऱ्यासोबत पाठवणार का?

प्रेंटिस : संघाचा माणूस येईल.

जोथम : येऊ दे. हॉटेलच्या हॅमसमोर बसलाय तो, झऱ्याच्या पाण्याची बाटली घेऊन. आधी पोट धरून झाडीत जाईल, मग येईल.

(तिघे चढ चढून खडकापाशी येतात. थर्झा तिथून वळून उतारावरच्या पायदळाच्या दगडापाशी जाऊन उभी राहते, खडकाकडं तोंड करून.)

जोथम : बाई, पोचलात? ऐकू येतंय?

थर्झा : येतंय.

जोथम : मी इथं उभा आहे बघा. खडकाच्या या अंगाला. ही खुंटी टेकवली. पहिली तोफ इथं होती. दिसतोय का मी?

थर्झा : अर्धेच दिसताय. मध्ये तो अक्रोड येतोय.

जोथम : येतोय का? मग थोडं इकडं. आता?

थर्झा : आता तर काहीच दिसत नाही. खडकाआड गेलात.

जोथम : अरे देवा. मग कुठं होतो आपण? बहुतेक इथंच. इथून खाली मारायला बरं पडलं असतं, नाही का? झाडाच्या बुंध्याशी.

प्रेंटिस : काहीतरीच.

जोथम : मग इथं? मऊ जागा आहे. चाकं जरा रुततील, पण चालून गेलं असेल.

प्रेंटिस : तिथे तोफ कुणी लावली असती? तिथे चाक पहिल्याच बाराला टेकडीखाली गेलं असतं. आणि तो खडक समोर. नळीसमोर खडक ठेवून कुणी तोफ लावतं?

जोथम : मला काय आठवतंय, साहेब. म्हातारा झालो.

प्रेंटिस : पलीकडे हो. खडकाच्या उजव्या अंगाला. अजून. ती सपाट पट्टी दिसते का, तिच्या कडेला. ते झाड तेव्हा नव्हतंच, इथला शेतकरी झूक, त्याने नंतर लावलं. आता मागे जा. जरासा मागे. तिथे जमीन खाली कलते, म्हणून उजव्या चाकाखाली मी फळी घालायला लावली होती. तू आणि ओबेडने घातली. हां. शेपूट तिकडे, त्या दरडीच्या बाजूला. खुंटी सरळ धर, वाकडी धरू नकोस.

जोथम : अशी?

प्रेंटिस : डावीकडे चार बोटं. तशी.

जोथम : इथे?

प्रेंटिस : इथे.

जोथम : (खुंटी तशीच धरून साहेबांकडं बघतो.)

प्रेंटिस : काय बघतोस?

जोथम : काही नाही. ‘इथे’ म्हणालात.

प्रेंटिस : तू मुद्दाम केलंस.

जोथम : म्हणजे काय? तोफ वाकडी लागलेली तुम्हाला तेव्हाही बघवायची नाही. म्हटलं, बघू अजून जित्याची खोड जिवंत आहे का.

प्रेंटिस : हरामखोर आहेस तू.

जोथम : आहे. तुमच्याच तुकडीत शिकलो. द्या हातोडी.

प्रेंटिस : एकट्याच्या ठोक्याने काही होत नाही.

जोथम : माहीत आहे. पण माझा तर मारून ठेवतो. हा बघा. इथे. ऐकलंत का, बाई? एक झाला.

थर्झा : ऐकला.

जोथम : ओबेडला मी वर घेऊन येतो. केकवर बसवून आणतो. त्याला विचारलं ना, तर तो रडेल, पण इथंच मारेल. काल खाली ठोका मारून तंबूत आला तेव्हापासून एक शब्द बोललेला नाही म्हणे तो. तुम्हाला वाटलं असेल, पिऊन आलाय.

प्रेंटिस : मी कालच माझा ठोका मारून बसलो आहे. खाली. शपथेवर.

जोथम : खुंटी तीच आहे, साहेब. जागा तेवढी बदललीय. वातींचा दोष तुमचा नव्हता. तो मी कधी तुमच्यावर टाकला नाही, मनातसुद्धा नाही. पण दगडाचा दोष तुमचा असेल. तो भिजलेला कारखान्यातून आलेला नाही.

प्रेंटिस : दे इकडे.

जोथम : ही घ्या.

प्रेंटिस : थांब. मला आधी बघू दे. नळी इथे, निशाण समोरच्या टेकडीवरच्या त्या तुटक्या चिमणीवर. तेव्हाही तेच धरलं होतं. असं बघितलं की खालची पलटण दिसायचीच नाही रे. डोक्यांवरून नजर जायची. मी शपथेवर सांगतो, निशाण धरलं की दिसायचे नाहीत ते.

जोथम : आता?

प्रेंटिस : आता ती बाई दिसते.

जोथम : तेवढी उंच नाही ती. ते आडवे होते, ही उभी आहे. म्हणून दिसते.

प्रेंटिस : मिस बार्टल. अहो बाई. जरा बाजूला होता का?

थर्झा : का?

प्रेंटिस : तुम्ही बरोबर माऱ्यात उभ्या आहात. तोफेच्या अगदी तोंडासमोर. माझ्याने हात उचलवत नाही. तुम्ही जरा एका अंगाला झालात, तर मला ठोका मारता येईल.

थर्झा : नाही, साहेब. मी नाही हलत. एनॉकही हलला नव्हता. तुम्ही मारा.